मैलकुली गेला, खड्डे राहिले

सार्वजनिक बांधकाम खात्याच्या रस्त्यांवर पूर्वी मैलामैलाला माणूस नेमलेला असे. सरकारी कागदावर तो ‘मैल कामगार’, लोकांच्या तोंडी ‘मैलकुली’. कुदळ, फावडे, घमेले आणि रोज चालून पाठ झालेला रस्त्याचा एक तुकडा, एवढ्यावर त्याची नोकरी चाले. पावसाळ्याआधी तो साईडपट्टीवरचे गवत काढी, गटारातला गाळ उपसे, मोरीच्या तोंडाशी अडकलेला पालापाचोळा ओढून बाहेर टाके. डांबराची खपली निघालेली दिसली की ती पसरण्याआधीच खडी आणि डांबर भरून धुमसाने ठोकून घेई. उन्हाळ्यात कडेच्या झाडांना पाणी घाली आणि त्यांच्या खोडांवर चुन्या-गेरूचे पट्टे ओढी. वर मुकादम, त्याच्यावर कनिष्ठ अभियंता आणि महिन्याच्या शेवटी हजेरीपत्रक.

हा माणूस आता जवळजवळ दिसेनासा झाला आहे. तो निवृत्त होत गेला आणि त्याच्या जागी सहसा दुसरा आला नाही. त्याची कामे निविदेत गेली. मात्र निविदेत सगळी कामे मावली नाहीत. जी मावली नाहीत ती कुणीच करेनासे झाले, आणि दर पावसाळ्यात रस्त्यांची जी दैना होते तिचे एक मोठे कारण इथे आहे.

खड्ड्यांचा विषय निघाला की वाद ठरलेल्या वळणाने जातो. एका बाजूचे म्हणणे असे की सरकारी माणूस काम करत नाही, कंत्राटदारच बरा. दुसऱ्या बाजूचे म्हणणे असे की कंत्राटदार पैसे खातो, कामे खात्यानेच करावीत. दोन्ही बाजूंना अनुभवाचा आधार आहे. पण रस्ता प्रत्यक्षात कसा खराब होतो हे पाहिले, तर वादाचा रोख बदलावा लागतो.

पाणी, काळी माती आणि मार्चअखेर

डांबरी रस्त्याचा मोठा शत्रू पाणी. रस्ता मधोमध किंचित उंच आणि कडांना उतरता ठेवतात, तो पावसाचे पाणी बाजूला वाहून जावे म्हणून. साईडपट्टी मातीने चढली, गटार बुजले किंवा मोरी तुंबली की हे पाणी रस्त्यावरच थांबते. बारीक चिरेतून ते आत शिरते आणि खालचा खडी-मुरुमाचा थर सैल करते. वरून ट्रकचे चाक गेले की आधार सुटलेले डांबर खचते. पहिल्या दिवशी तळहाताएवढी असलेली खपली आठवडाभरात परातीएवढी होते. मराठवाड्यात आणि विदर्भात काळ्या मातीची भर पडते. ती पाण्याने फुगते, उन्हाने आकसते आणि वरच्या रस्त्याला लांबलचक भेगा पाडते. कोकणात पावसाचे प्रमाणच इतके असते की गटार एक दिवस तुंबले तरी रस्त्याची कड वाहून जाते.

म्हणजे खड्डा टाळण्याचे बरेचसे काम डांबराचे नसून पाण्याला वाट करून देण्याचे आहे. ते स्वस्त आहे, त्याला यंत्र लागत नाही. पण ते वेळेवर आणि सतत व्हावे लागते.

खड्डा पडल्यावर मात्र काम महाग होते. शास्त्रशुद्ध पद्धत अशी: खड्ड्याच्या कडा सरळ उभ्या कापून चौकोन करायचा, आतले सैल सामान आणि धूळ तारेच्या ब्रशाने काढायची, तळाला आणि कडांना पातळ डांबर लावायचे, मग गरम मिश्रण भरून रोलरने दाबायचे. हे मिश्रण साधारण दीडशे अंशांच्या आसपास तापवून तयार होते आणि थंड होण्याआधी दाबावे लागते. ते बनवणारा हॉटमिक्स प्लांट अनेकदा वीस-तीस किलोमीटर दूर असतो. पावसाळ्यात बहुतेक प्लांट बंदच असतात, आणि खड्डे पडतात ते नेमके तेव्हाच. मग कुठे मुरूम टाकला जातो, कुठे पेव्हर ब्लॉक बसवले जातात, कुठे पोत्यातले थंड मिश्रण ओतून फावड्याच्या पाठीने थोपटले जाते. पुढच्या सरीला त्यातले बरेचसे उखडते.

त्यातच सरकारी पैशाचे वर्ष ३१ मार्चला संपते. निधी उशिरा येतो, निविदा उशिरा निघते, काम उन्हाळ्याच्या शेवटी घाईत होते आणि त्यावर लगेच पाऊस पडतो. काम सरकारी माणसाने केले काय किंवा खासगी माणसाने, या घाईत ते टिकणे अवघड.

हजेरीपत्रकावरची माणसे

खात्याच्या मजुरांची कहाणी एकरंगी नाही. सुरुवातीला यांतले बहुतेक जण रोजंदारीवर होते. काम असेल तोवर पगार, नसेल तेव्हा घरी. १९६७च्या कालेलकर निवाड्याने यात मोठा बदल झाला. सार्वजनिक बांधकाम आणि पाटबंधारे खात्यांत सलग पाच वर्षे राबलेल्या रोजंदारी मजुरांना रूपांतरित अस्थायी आस्थापनेवर घेण्याची वाट त्याने मोकळी केली. वेतनश्रेणी, रजा, पुढे निवृत्तिवेतन अशी सुरक्षितता हजारो घरांत आली. सलग सेवा मोजायची कशी, मधला खंड धरायचा की नाही, यावरून मजूर आणि खाते यांच्यात पुढे अनेक वर्षे न्यायालयात भांडणे चालली.

त्यानंतर १९७२चा दुष्काळ आला. रोजगार हमीच्या कामांवर लाखो हात खडी फोडत होते, त्यांत बायकांची संख्या मोठी होती. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून उभ्या राहिलेल्या या योजनेला १९७७ साली कायद्याचे रूप मिळाले आणि पुढे २००५च्या केंद्रीय रोजगार हमी कायद्याला तिचा आधार झाला. ग्रामीण महाराष्ट्रातले असंख्य रस्ते प्रथम या हातांनी आखले आणि भरले. पण तयार झालेल्या रस्त्याची रोजची देखभाल कोण करणार याची सोय त्यासोबत झाली नाही. मातीकाम झालेले कित्येक रस्ते चार-दोन पावसाळ्यांत पुन्हा पायवाटा झाले.

खात्याच्या स्वतःच्या मनुष्यबळातही दोष होते आणि ते झाकण्यात अर्थ नाही. हजेरीपत्रकावर नाव असलेला माणूस रस्त्यावर नसे, एखाद्या साहेबाच्या बंगल्यावर राबत असे. ज्यांना खरोखर काम करायचे असे त्यांना वेळेवर डांबर मिळत नसे. रहदारी वाढली, ट्रकचा भार वाढला आणि घमेल्याने भरलेली खडी पुरेनाशी झाली. पेव्हर, रोलर, हॉटमिक्स प्लांट ही यंत्रे विकत घेऊन चालवण्याची तयारी बहुतेक जिल्ह्यांतल्या खात्यांनी दाखवली नाही. वेतन आणि निवृत्तिवेतनाचा खर्च कमी करण्याचे धोरण आल्यावर मैल कामगाराची जागा गाळली जाणे ओघानेच आले.

दोष दुरुस्त करण्याऐवजी व्यवस्थाच बंद केली गेली आणि तिच्याबरोबर एक अमूल्य गोष्ट गेली. रस्त्याच्या प्रत्येक तुकड्याकडे रोज पाहणारे डोळे गेले.

मोजता येते त्याचेच बिल

कंत्राटी कामाचा पैसा मोजमापावर मिळतो. किती चौरस मीटर डांबरीकरण झाले, किती घनमीटर खडी पडली, हे मोजमाप पुस्तकात नोंदले जाते. जिल्हा दरसूचीतल्या दराने गुणाकार होतो, अभियंता सही करतो आणि बिल निघते. नवा रस्ता बांधायला ही पद्धत योग्यच आहे. पेव्हर, रोलर, कुशल चालक यांची फौज एका कंत्राटदाराकडे असते आणि तो ती पाच तालुक्यांत फिरवतो. प्रत्येक उपविभागाने असा ताफा बाळगणे परवडणार नाही.

देखभालीचे काम मात्र या मापात बसत नाही. सकाळी रस्ता चालून पाहणे, तुंबलेली मोरी मोकळी करणे, खपली लहान असतानाच बुजवणे यांचे फळ म्हणजे पुढच्या वर्षी न पडलेला खड्डा. न पडलेल्या खड्ड्याची नोंद मोजमाप पुस्तकात होत नाही. म्हणून निविदा निघते ती खड्डे भरण्याची, आणि खड्डे जितके जास्त तितके बिल मोठे. या रचनेत प्रामाणिक कंत्राटदारालाही रस्ता नीट ठेवण्यात काही मिळकत नसते.

हमीची अट घातली की चित्र कसे पालटते, याचे उदाहरण पुण्यात आहे. १९७०च्या दशकात जंगली महाराज रस्त्याचे काम रेकॉन्डो या मुंबईच्या पारशी बंधूंच्या कंपनीला मिळाले. श्रीकांत शिरोळे तेव्हा महापालिकेच्या स्थायी समितीचे अध्यक्ष होते आणि पुढाकार त्यांचा होता. कंपनीने दहा वर्षांची हमी दिली. दहा वर्षे संपली, पुढे आणखी कित्येक दशके गेली, तरी हा रस्ता खड्ड्यांशिवाय टिकल्याचे पुणेकर अभिमानाने सांगत राहिले. काम खासगी होते आणि उत्तम होते. कारण पुढच्या दहा वर्षांचा खर्च आपल्याच खिशातून जाणार हे बांधणाऱ्याला ठाऊक होते.

याची उलट बाजू मुंबईने २०१६ साली पाहिली. महापालिकेने ३४ रस्त्यांच्या कामांची चौकशी केली, तेव्हा कामे ठरल्याबरहुकूम झाली नसल्याचे आढळले. कंत्राटदारांवर गुन्हे दाखल झाले, त्यांना काळ्या यादीत टाकले गेले. गुणवत्ता तपासण्यासाठी नेमलेल्या खासगी लेखापरीक्षक संस्थांची माणसे अटकेत गेली आणि महापालिकेच्या वरिष्ठ अभियंत्यांनाही अटक झाली. काम करणारा खासगी, तपासणारा खासगी आणि दोघांवर लक्ष ठेवणारा सरकारी, असे तिघे असूनही रस्ते बिघडले. खात्याच्या स्वतःच्या माणसांना रस्त्यावर काय चालले आहे हे माहीत नसेल, किंवा माहीत असून ते डोळेझाक करत असतील, तर निविदेतल्या अटी कागदावरच राहतात.

झारी, पिंप आणि गोणपाट

रस्त्यावरच्या प्रत्यक्ष श्रमाची चर्चा या वादात फारच कमी होते. डांबरीकरणाच्या कामाजवळ थोडा वेळ उभे राहिले तरी पुष्कळ दिसते. लाकडाच्या जाळावर डांबराचे पिंप उकळत असते. त्याच्या धुरात दोघे-तिघे झारीने तळाला डांबर शिंपडतात. पुढे बायका वाकून झाडूने धूळ काढत असतात. कुणाच्या पायात साधी चप्पल असते, कुणी गोणपाट गुंडाळलेले असते. एखादे लहान मूल रस्त्याकडेच्या झाडाला बांधलेल्या झोळीत निजलेले असते. शेजारून वाहने जात असतात आणि त्यांना थोपवायला हातात लाल फडके घेतलेला एकच माणूस.

हे मजूर बहुतेक वेळा दूरच्या दुष्काळी तालुक्यांतून किंवा शेजारच्या राज्यांतून मुकादमाने उचल देऊन आणलेले असतात. काम संपले की तांडा पुढच्या रस्त्याकडे निघतो. कंत्राटदाराने मजुरी बुडवली तर ती देण्याची जबाबदारी १९७०च्या कंत्राटी कामगार कायद्याने काम करून घेणाऱ्या मूळ मालकावर टाकली, आणि नंतरच्या कामगार संहितांनीही ते तत्त्व ठेवले. बांधकाम कामगारांसाठी १९९६ साली कायदा झाला. बांधकामाच्या खर्चावर एक टक्का उपकर घेऊन राज्याचे कल्याणकारी मंडळ चालते. मंडळात नाव नोंदवायला वर्षात नव्वद दिवस काम केल्याचा दाखला लागतो. दर महिन्याला गाव बदलणाऱ्या मजुराला असा दाखला मिळवणे किती कठीण, हे वेगळे सांगायला नको.

खासगी काम स्वस्त पडते असे जेव्हा म्हटले जाते, तेव्हा ती स्वस्ताई कुठून येते हे विचारले पाहिजे. यंत्रांचा चांगला वापर, कमी कागदपत्रे, वेगवान निर्णय यांतून ती येत असेल तर तिचे स्वागतच आहे. मजुराची रजा, विमा, पायातले बूट आणि म्हातारपणाची पुंजी कापून ती येत असेल, तर तो खर्च वाचलेला नसतो. तो सर्वात गरीब माणसावर ढकललेला असतो.

महाराष्ट्राने यावर एक मधला मार्ग काढून पाहिला होता, मजूर सहकारी संस्थांचा. मजुरांनी आपली संस्था काढायची, ठरावीक रकमेपर्यंतची सरकारी कामे तिला राखून मिळणार आणि दलाल वगळून नफा राबणाऱ्यांत वाटला जाणार, अशी ही कल्पना. सुशिक्षित बेरोजगार अभियंत्यांनाही असाच वाटा राखून ठेवला गेला. कल्पना मोलाची होती. पुढे मात्र अनेक ठिकाणी सभासद यादीत मजुरांच्या जागी गावच्या पुढाऱ्यांची नावे असल्याचे आरोप होत राहिले. ज्यांच्या नावावर काम निघते त्यांनी ते दुसऱ्याच कंत्राटदाराला टक्केवारीवर देणे, हाही प्रकार सर्वांना परिचित आहे. संस्था खरोखर राबणाऱ्यांचीच राहील याची तपासणी झाली असती, तर आज देखभालीसाठी महाराष्ट्राच्या हाताशी एक तयार यंत्रणा असती.

इतरांनी काय केले

इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅम शहराने २०१० साली आपल्या सगळ्या रस्त्यांची देखभाल एमी या कंपनीला २५ वर्षांसाठी दिली. करार २७० कोटी पौंडांचा होता. लांब मुदत असली की कंपनी रस्ता जपेल, हा त्यामागचा विचार. पुढे वाद उभा राहिला तो कराराच्या वाचनावरून. रस्त्यांची जी माहिती करारावेळी नोंदली होती, तिच्यात न बसणारी कामे कंपनीने करायची की नाही? प्रकरण वरच्या न्यायालयात गेले. शेवटी २०१९ साली करारातून बाहेर पडण्यासाठी कंपनीने २१.५ कोटी पौंड देण्याचे मान्य केले. आपल्या रस्त्यांची पक्की यादी आणि स्थिती स्वतःला ठाऊक नसताना केलेला लांबचा करारही निष्फळ ठरतो, असे हे प्रकरण सांगते.

अमेरिकेत जॉर्जिया राज्यातले सँडी स्प्रिंग्ज हे शहर २००५ साली स्थापन झाले, तेव्हा पोलीस आणि अग्निशमन सोडून जवळपास सगळी नागरी कामे त्याने खासगी कंपनीकडे दिली. जगभरातून लोक हा प्रयोग पाहायला येत. २०१९ साली त्याच शहराने त्यांतली बहुतेक कामे पुन्हा आपल्या नोकरांकडे घेतली. पाच वर्षांत सुमारे १.४ कोटी डॉलर वाचतील, असा त्यामागे हिशेब होता.

महाराष्ट्राला सर्वात जवळचा वाटावा असा प्रयोग पेरूचा. १९९०च्या दशकाच्या मध्यापासून त्या देशाने अँडीज पर्वतातल्या ग्रामीण रस्त्यांच्या देखभालीसाठी रस्त्याकडेच्या गावकऱ्यांचेच छोटे उद्योगगट उभे केले. काही गावकरी एकत्र येतात, ठरावीक किलोमीटरची जबाबदारी घेतात, गवत काढणे, गटारे साफ करणे, दरड हटवणे, लहान खड्डे बुजवणे ही कामे वर्षभर करतात. पैसे किती खडी टाकली यावर मिळत नाहीत. दर महिन्याला तपासणीत रस्ता चालू आणि नीट असेल तरच मिळतात. नाव खासगी, पण माणसे त्या रस्त्यावरून रोज बाजाराला जाणारी. मैलामैलाला माणूस ठेवण्याची जुनी पद्धत त्यांनी नव्या करारात बसवली.

आपल्या देशातही अशी उदाहरणे आहेत. २५ डिसेंबर २००० रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्राम सडक योजनेत रस्ता बांधणाऱ्यावरच पाच वर्षांच्या देखभालीची जबाबदारी टाकली जाते आणि तिचे पैसे वेगळे दाखवलेले असतात. पाच वर्षांनंतर रस्ता राज्याच्या आणि जिल्ह्याच्या गळ्यात पडतो, आणि खरी अडचण तिथे सुरू होते. उत्तराखंड, हिमाचल प्रदेश आणि मेघालयात डोंगरी रस्त्यांची नेहमीची देखभाल महिला बचत गटांकडे देऊन पाहण्यात आली. केरळच्या बांधकाम खात्याने रस्त्यांच्या देखभालीचे चालू करार केले आणि रस्त्याकडेच्या फलकावर कंत्राटदाराचे व अभियंत्याचे नाव आणि फोन नंबर लावला. खड्डा दिसला की फोन कुणाला करायचा, हे तिथे रिक्षावाल्यालाही कळते.

खर्च आज की उद्या

जागतिक बँकेने १९९४च्या विकास अहवालात आफ्रिकेचा एक हिशेब मांडला होता. १२०० कोटी डॉलर वेळेवर देखभालीवर खर्च झाले असते, तर आधीच्या दहा वर्षांत रस्ते पुन्हा बांधण्याचे ४५०० कोटी डॉलर वाचले असते. आपल्याकडेही गणित याच दिशेने जाते. पण नव्या रस्त्याचे भूमिपूजन होते, नारळ फुटतो, फलक लागतो. उपसलेल्या गटाराचे उद्घाटन होत नाही. म्हणून अंदाजपत्रकात देखभालीला आधी कात्री लागते.

त्याची किंमत माणसांच्या जिवाने मोजली जाते. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या आकडेवारीनुसार २०२२ या एका वर्षात देशात खड्ड्यांमुळे झालेल्या अपघातांत १,८५६ माणसे दगावली. मुंबई उच्च न्यायालयाने चांगला रस्ता हा नागरिकाचा मूलभूत हक्क असल्याचे २०१५ सालीच म्हटले होते. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने खड्डे किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाल्यास कुटुंबाला ६ लाख रुपये आणि जखमींना ५० हजारांपासून अडीच लाखांपर्यंत भरपाई देण्याचा आदेश दिला. ही रक्कम जबाबदार अधिकाऱ्यांकडून आणि कंत्राटदारांकडून वसूल करण्याचेही त्यात सांगितले. न्यायालयाने सरकारी आणि खासगी असा भेद केला नाही. रस्ता ज्याच्या ताब्यात तो उत्तरदायी, असे त्याचे म्हणणे.

उत्तरदायित्व घ्यायला लावायचे तर सरकारलाही आपला शब्द पाळावा लागेल. राज्यातल्या कंत्राटदारांच्या संघटनांनी हजारो कोटींच्या थकीत बिलांसाठी २०२५ मध्ये आंदोलने केली. ज्याचे मागच्या कामाचे पैसे अडकले आहेत, तो पुढच्या कामात डांबर वाचवील, मजुरांची मजुरी लांबवील आणि हमीच्या काळात फोन उचलणार नाही. बिल वेळेवर देणे हाही रस्त्याच्या गुणवत्तेचाच भाग आहे.

या सगळ्यातून एक वाटणी स्पष्ट होते. नवे बांधकाम, जाड थर, काँक्रीटीकरण अशी यंत्रांची मोठी कामे कंत्राटदाराने करावीत. पण लांब मुदतीची हमी, वेगळी दाखवलेली देखभालीची रक्कम आणि फलकावर नाव या अटींवरच. रोजची देखभाल मात्र कायम नेमलेल्या स्थानिक माणसांकडेच हवी. ती खात्याची, जिल्हा परिषदेची, नगरपालिकेची असोत वा गावच्या बचत गटाची, त्यांना महिन्याचा ठरलेला मोबदला, विमा आणि ठरावीक किलोमीटर मिळाले पाहिजेत. तपासणी खात्याच्या स्वतःच्या अभियंत्यांनी करावी. ती कुणालाही विकत देऊ नये. मुंबई महापालिकेने वरळीत स्वतःचा डांबर प्लांट चालवला, तशी लहानशी सोय निदान मोठ्या शहरांनी तरी ठेवावी. खात्याकडे थोडे स्वतःचे साहित्य आणि थोडी स्वतःची माणसे असतील, तरच कंत्राटदाराच्या दरात किती पाणी आहे हे त्याला कळेल आणि अडीनडीला त्याच्यापुढे हात पसरावे लागणार नाहीत.

राज्य मार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम खात्याकडे असतात. इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेकडे, शहरातले रस्ते नगरपालिकेकडे किंवा महापालिकेकडे. आपल्या दारातला रस्ता कोणाचा हे आधी जाणून घ्यावे. मग ग्रामसभेत, वॉर्डाच्या बैठकीत किंवा माहितीच्या अधिकारात चार प्रश्न विचारावेत. हे काम कोणी केले? दोषदायित्वाची, म्हणजे हमीची, मुदत कोणत्या तारखेला संपते? देखभालीसाठी यंदा किती रक्कम ठेवली आहे? आणि या रस्त्यावर रोज फिरून पाहणारा माणूस कोण? पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे कार्यालयाच्या कागदांत सापडतील. चौथ्याला उत्तर नसेल, तर पुढच्या अंदाजपत्रकात त्या माणसाची तरतूद करून घ्यावी. ही मागणी पावसाळ्याच्या तोंडावर करून उपयोग नाही. अंदाजपत्रके हिवाळ्यात तयार होतात, तेव्हाच ती लेखी द्यावी.